विसाव्याची अट

"पाय धुतलेत का कुणाचे?" लूकसरावांनी विचारलं.

मार्थाबाई भांबळ चर्चमागच्या खोलीत खुर्चीच्या अगदी काठावर बसल्या होत्या. खुर्चीवर पूर्ण बसलं तर अर्ज नामंजूर होईल असं त्यांना वाटत असावं.

"कुणाचे?"

"पवित्र जनांचे. विधवेनं पवित्र जनांचे पाय धुतलेले असावेत, असं आहे शास्त्रात."

मार्थाबाईंनी आम्हा चौघा पंचांकडे एकेक करून पाहिलं. आमच्यात पवित्र कोण, हे काही त्यांना ठरवता येईना.

"दवाखान्यात आया होते तेव्हा धुतलेत," त्या म्हणाल्या. "नारू झालेल्यांचे, पाय सडलेल्यांचे. त्यात पवित्र कोण होतं ते काय विचारलं नाही."

लूकसराव उजागरे हे निवृत्त तलाठी. तीस वर्षं त्यांनी सातबारा ज्या नजरेनं वाचला त्याच नजरेनं ते आता बायबल वाचत. समोर त्यांनी पौलानं तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र, पाचवा अध्याय, उघडून ठेवला होता आणि त्यावर पट्टी आडवी ठेवली होती. ते खालून वर तपासत; एक अट तपासून झाली की पट्टी एक ओळ वर सरके.

आमचे पाळक बोर्डेसाहेब स्वभावानं मऊ. ते म्हणाले, "लूकसराव, पाय धुणं ही त्या काळची रीत हो. धुळीचे रस्ते, उघड्या पायांनी चालणारी माणसं. पाहुणा आला की पाय धुवायचे. आता आपण चहा देतो."

धुळीचे रस्ते आणि उघडे पाय आमच्या गावातही मुबलक होते, पण तो मुद्दा कुणी काढला नाही.

लूकसरावांनी विचार केला. "मान्य आहे," ते म्हणाले. "चहा दिलाय का?"

"तुम्हालाच कितीदा दिलाय," मार्थाबाई म्हणाल्या. "साखर कमी म्हणून परत पण पाठवलाय तुम्ही."

"लिहा, आढाव सर. चहा दिला आहे."

मी लिहिलं. मी पंचमंडळाचा सेक्रेटरी होतो. वय तेहतीस, मिशन हायस्कुलात मराठी शिकवायचो आणि नगरच्या एका साप्ताहिकात दर शनिवारी लोकांची टिंगल करायचो. त्यामुळे गावात मला थोडे लोक मानत आणि बरेच लोक टाळत. हे मी दोन्ही अर्थांनी कौतुकच समजत होतो.

पट्टी सरकली. एकाच नवऱ्याची बायको होती का? होती. मुलं वाढवली का? मार्थाबाई म्हणाल्या, "दोन झाली. राहिली नाहीत." लूकसरावांनी चष्मा काढून पुसला आणि आपण होऊनच म्हणाले, "बोर्डिंगातल्या पोरांना गोवर आला तेव्हा तुम्हीच होतात ना बसून? लिहा, सर. मुलं वाढवली आहेत."

मग त्यांनी बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर पुढं ओढलं. गोऱ्या मिशनऱ्यांच्या हातचं, त्यामुळे त्यात चूक असण्याची सोय नव्हती.

"जन्म, दहा जून एकोणीसशे एकवीस. म्हणजे अठ्ठावन्न." त्यांनी पट्टी उचलून बाजूला ठेवली. "साठाच्या आतली विधवा यादीत घेऊ नये असं पौल म्हणतो. दोन वर्षं कमी पडतात, बाई."

हे एकोणऐंशी सालातलं. मार्थाबाईंचे यजमान पेत्रस आमच्या चर्चची घंटा वाजवायचे, झाडलोट करायचे. ते उन्हाळ्यात वारले. घंटेजवळची खोली त्या कामासोबत मिळालेली, त्यामुळे महिनाअखेरीला ती नव्या माणसाला द्यायची होती. कंपाउंडात विहिरीपलीकडे 'विसावा' नावाची सहा खोल्यांची चाळ होती. एका मिशनरी मडमेनं ती विधवांसाठी बांधून दिली होती आणि दस्तात लिहून ठेवलं होतं की, प्रेषित पौलाच्या नियमाप्रमाणे विधवांना इथं आश्रय द्यावा. चार खोल्यांत चार म्हाताऱ्या होत्या. दोन खोल्यांना कुलूप होतं.

विसाव्यात जागा मिळाली नाही तर मार्थाबाईंना मनमाडला भाच्याकडे जावं लागणार होतं. भाचा रेल्वेत होता. क्वार्टर दीड खोलीचं आणि माणसं सात. त्याच्या बायकोनं निरोप धाडला होता, की व्हरांड्यात एक बाज मावेल.

"तिथं मला कोण ओळखतं?" मार्थाबाई म्हणाल्या. "इथं विसाव्यातल्या चौघी माझ्या ओळखीच्या. स्मशानभूमीत हे आहेत, पोरं आहेत. मला तिथं त्यांच्याशेजारी जागा पाहिजे. आत्ता नाही, पण पाहिजे."

बोर्डेसाहेबांनी निर्णय पुढच्या रविवारवर ढकलला. कुणाचंही मन मोडायचं असलं की ते आठवड्याची मुदत घेत.

त्या आठवड्यात मी पाळकसाहेबांच्या कपाटातले टीकाग्रंथ घरी नेले आणि झपाटल्यासारखा वाचले. वाचता वाचता मला सापडत गेलं. हे पत्र पौलानं इफिस शहरातल्या एका तरुण पाळकाला लिहिलं होतं. तिथल्या मंडळीत विधवा फार झाल्या होत्या, पोसायची ऐपत कमी होती. म्हणून त्यानं सांगितलं, की ज्यांना कुणी नाही, ज्या कमवू शकत नाहीत, पुन्हा लग्न करू शकत नाहीत त्यांना आधी घ्या. साठ हा आकडा त्या शहराचा, त्या काळाचा, त्या अडचणीचा. तो काही दहा आज्ञांसारखा सिनाय पर्वतावरून पाटीवर कोरून आलेला नव्हता.

मला इतका आनंद झाला की मी शुक्रवारीच मार्थाबाईंकडे गेलो. त्या रहाटावरून पाणी शेंदत होत्या.

"तसं एक सोपंही आहे," मी म्हणालो. "तुमची जन्मतारीख आईनं अंदाजानं सांगितली होती, असं तुम्ही म्हणा. मी तसं लिहून घेतो."

"मिशनच्या वहीत खोटं?" त्यांनी घागर कठड्यावर टेकवली. "माझं नाव आहे त्या वहीत, सर. पोरांचं पण आहे."

"मग राहू द्या. रविवारी बघा तुम्ही. लूकसरावांना असं पकडतो की त्यांना तोंड उघडायला जागा राहणार नाही."

"त्यांना पकडू नका," मार्थाबाई म्हणाल्या. "सरळ विचारा. ते वाईट नाहीत. त्यांच्या सख्ख्या मावशीला त्यांनीच एकोणसाठाव्या वर्षी नाही म्हटलं होतं. नंतर वर्षभर रोज संध्याकाळी तिला डबा नेऊन देत होते."

मी ऐकलं. पण माझ्या डोक्यात तोवर भाषणाची पहिली दोन वाक्यं तयार झाली होती आणि तिसरं सुचत होतं.

रविवारी उपासना आटोपल्यावर आम्ही बसलो. पाळकसाहेब, लूकसराव, मी आणि गणिताचे वैरागर सर. वैरागर सर मागच्या रविवारीही होते, पण आकडा निघेपर्यंत ते बोलत नसत. मार्थाबाईंना दाराबाहेर बाकावर बसवलं होतं; तिथं आतला आवाज पोचे, शब्द नाहीत.

आमच्या पंचमंडळाची एक पद्धत सांगितली पाहिजे. आम्ही हात वर करून मत देत नसू. चर्चा झाली की पाळकसाहेब डोळे मिटून ठराव प्रार्थनेत मांडत, आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं की ठराव एकमतानं मंजूर. कुणाला विरोध असला तर त्यानं आमेन म्हणायचं नाही. चाळीस वर्षांत कुणी आमेन म्हणायचं राहिलं नव्हतं, आणि आमेननंतर तो विषय वार्षिक सभेपर्यंत उघडत नसे.

लूकसराव काहीतरी बोलायला खाकरले. त्यांनी हातातला कागदही उलगडला होता. पण मी आधी उठलो.

मी पंचवीस मिनिटं बोललो. आजवरच्या आयुष्यात मी इतकं चांगलं बोललेलो नाही. इफिसचं बंदर डोळ्यापुढं उभं केलं. पौलाचं पत्र दुसऱ्याच्या नावाचं आहे, आपण ते वाचतो म्हणजे शेजाऱ्याची डाक उघडून वाचतो, आणि शेजाऱ्याला वैद्यानं दिलेली पुडी आपण गिळतो, असं म्हणालो. वैरागर सर गालात हसले. मग मी लूकसरावांकडे वळलो.

"मागच्या रविवारी पाय धुण्याच्या जागी आपण चहा धरला. धरला ना?"

"धरला."

"का? तर तो काळ वेगळा होता म्हणून. मग त्याच अध्यायातलं, दोन ओळी वरचं साठ मात्र जसंच्या तसं का? शास्त्र कुणाला लिहिलं, कोणत्या काळात लिहिलं, हे पाहून अर्थ लावायचा की नाही?"

लूकसरावांनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला. मला वाटलं, जिंकलो.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. इतकी वर्षं चुकीचं वाचलं मी." त्यांच्या आवाजात जराही खोच नव्हती. ते खरोखर शरमले होते. "मला सांगा, सर, त्या काळी माणसं साधारण किती जगत?"

प्रश्न माझ्या अभ्यासातला होता. "सरासरी पस्तीस," मी म्हणालो. "साठीला पोचणारी बाई म्हणजे गावातलं आश्चर्यच."

"आणि आपल्याकडे आता?"

"बावन्न," वैरागर सर म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

"मग त्या काळचं साठ म्हणजे आजचं किती?"

हा प्रश्न कुणीकडे चाललाय ते मला तेव्हा कुठं कळलं. पण वैरागर सरांनी रजिस्टरच्या कोपऱ्यात त्रैराशिक मांडलंसुद्धा होतं. "पस्तिसाला साठ, तर बावन्नाला किती. एकोणनव्वद. अपूर्णांक सोडला."

"एकोणनव्वद," लूकसराव म्हणाले.

"थांबा," मी म्हणालो. "माझं म्हणणं तसं नाहीच. आकडा महत्त्वाचा नाही, हेतू महत्त्वाचा. ज्यांचे हातपाय थकलेत, ज्यांना कष्ट होत नाहीत, त्यांच्यासाठी पौलानं..."

"हातपाय थकलेल्यांसाठी?"

"हो."

लूकसरावांनी दार उघडलं. "बाई, तुमचं पाणी कोण काढतं?"

"मीच," मार्थाबाई म्हणाल्या.

"किती घागरी?"

"माझ्या दोन. विसाव्यातल्या चौघींचं पण मीच भरते. धा-बारा होतात."

हे त्या अभिमानानं म्हणाल्या. विसाव्यात आपला उपयोग होईल हे पंचांना कळावं असं त्यांना वाटत असणार. मी त्यांना डोळ्यांनी खुणावलं. त्यांना वाटलं, चांगलं बोलल्या. लूकसरावांनी दार पुन्हा लोटून घेतलं.

"अटच काढून टाकू," मी म्हणालो. माझा आवाज आता इफिसच्या बंदरातला राहिला नव्हता.

"दस्तात पौलाचा नियम आहे," लूकसराव समजुतीनं म्हणाले. "नियम काढायचा आपल्याला अधिकार नाही. नीट समजून पाळायचा. तुम्हीच सांगितलंत ते. साठच धरलं तर आपण दुसऱ्याची पुडी गिळली, असं नाही का होणार?"

मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"एकोणनव्वद फार होतात," ते म्हणाले. "पंच्याहत्तर करू या. थोडी दया असावी."

मी बोलत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही, कारण कुणी ऐकतच नव्हतं. त्यांना मुद्दा पटला होता, आणि पटलेल्या माणसाला पुन्हा पटवता येत नाही. पाळकसाहेबांनी डोळे मिटले. वचन नीट उलगडून दाखवल्याबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले, आढाव सरांना दिलेल्या विद्येबद्दल वेगळे आभार मानले, विसाव्याची अट काळानुसार पंच्याहत्तर वर्षं असावी असं मांडलं आणि येशूच्या नावानं मागून संपवलं.

"आमेन," लूकसराव म्हणाले.

"आमेन," वैरागर सर म्हणाले.

"आमेन," मी म्हणालो.

मला कुणी धमकावलं नव्हतं. प्रार्थना संपली की आमेन म्हणायचं, हे मी बोलायला लागलो तेव्हापासून करत आलो होतो. तोंडातून बाहेर पडल्यावर मला कळलं की ते माझं होतं. मग मी पेन उघडलं आणि ठराव लिहिला, कारण तेही काम माझंच होतं. सूचक म्हणून नाव घालायची पद्धत होती. लूकसरावांनी मोठ्या मनानं माझं नाव सांगितलं.

बाहेर ते सायकलीचं कुलूप काढत होते. मी जवळ गेलो.

"तुम्ही सुरुवातीला काही म्हणणार होता," मी म्हणालो. "कागद होता तुमच्या हातात."

"हो," ते म्हणाले. "आमची मागची खोली रिकामी आहे. म्हटलं दोन वर्षं बाईंना तिथं राहू द्यावं. साठ पूर्ण झाली की विसाव्यात जातील, नियमही मोडायला नको. कारभारणीला विचारून ठेवलं होतं. भांडी कोणती द्यायची तेसुद्धा तिनं काढून ठेवलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही उठलात ना. मला वाटलं, तुमच्याकडे याहून चांगलं असेल."

"मग आताही ठेवा की."

त्यांनी सायकल स्टँडवरून काढली. "दोन वर्षांचं विचारलं होतं, सर. सतरा वर्षांचं कसं विचारू? कारभारणीलाच त्रेसष्ट चालू आहे. मला सदुसष्ट." ते थोडं पुढं गेले आणि थांबले. "पण फार चांगलं बोललात. मी घरी जाऊन पुन्हा सगळं वाचणार आहे."

मार्थाबाई घंटेच्या ओट्यावर बसल्या होत्या. मी समोर उभा राहिलो.

"किती?" त्यांनी विचारलं. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना आकडा बदलल्याचं कळलं असावं.

"पंच्याहत्तर."

"मागच्या रविवारी साठ होती."

"हो."

"मधे काय झालं?"

"मी बोललो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. दवाखान्यात डॉक्टरचं निदान ऐकल्यावर पेशंटच्या घरचे हलवतात, तशी. "आतून तुमचा आवाज येत होता," त्या म्हणाल्या. "चांगला होता. सर, पण तुम्ही ते सांगत कुणाला होता?"

त्यांना बिछाना बांधायला सुतळी हवी होती, ती मी आणून दिली.

जानेवारीच्या वार्षिक सभेत मी अट पुन्हा साठ करावी असा ठराव मांडला. तोवर पाळकसाहेबांनी 'शास्त्र कुणासाठी आणि कोणत्या काळी' या विषयावर दोन प्रवचनं दिली होती आणि दोन्हीत माझा दाखला घेतला होता. सगळी मंडळी या विषयात तयार झाली होती. एका बाईंनी उभं राहून मलाच इफिसमधली परिस्थिती समजावून सांगितली. लूकसराव म्हणाले, "सर, तुम्ही आता भावनेनं बोलताय. तेव्हा अभ्यासानं बोलला होतात." आमेन झालं. या वेळी मी म्हणालो नाही. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

एक्क्याऐंशीच्या जूनमध्ये मनमाडहून पोस्टकार्ड आलं. अक्षर कुणा शाळकरी मुलीचं. "सप्रेम सलाम. आज साठ पूर्ण झाली. देवाच्या कृपेने बरी आहे. अटीत काही बदल असल्यास कळवावे. मार्थाबाई."

लिहिणं हा माझा धंदा. त्या कार्डाला उत्तर लिहायला मला नऊ दिवस लागले. शेवटी लिहिलं, "सध्या बदल नाही." खाली सही केली.

पुढच्या जूनमध्ये एकसष्टचं कार्ड आलं. मग बासष्टचं. मजकूर तोच, अक्षर दरवर्षी थोडं सुधारत गेलं. मीही दरवर्षी सभेत विषय काढायचो, आणि दरवर्षी तेच उत्तर पाठवायचो. उरलेल्या कार्डावर काय लिहावं ते कधी सुचलं नाही, म्हणून ते कोरं ठेवायचो.

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात बंद पाकीट आलं. आत भाच्याचं पत्र होतं. "आमच्या आत्याबाई दिनांक चौदा रोजी प्रभूमध्ये निजल्या. दफन इथेच केले. त्यांच्या पेटीत आपल्या सहीची सात कार्डे मिळाली. सर्वांवर 'सध्या बदल नाही' एवढेच लिहिलेले आहे. घरात सर्वांनी वाचून पाहिले. कुणी म्हणते तब्येतीविषयी असावे, कुणी म्हणते हवामानाविषयी. माझी पत्नी म्हणते, हे बायबलातले वचन असावे, पण आम्हाला ते कुठे सापडले नाही. तरी याचा अर्थ काय घ्यावा, ते कृपया कळवावे."

मी उत्तर लिहायला घेतलं. सुरुवात अशी करावी लागली, की ही कार्डं कुणाला लिहिली होती आणि तेव्हा काय परिस्थिती होती, ते आधी समजून घ्यायला हवं. एवढं लिहून मी कागद फाडला. दुसरा घेतला, त्यावरही तेच वाक्य आलं.